बोर्डावरचा मेलेला माणूस

मेलेला माणूस सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आला.

दीपा कापसाचे बोळे करत बसली होती. दारात सावली पडली म्हणून तिनं मान वर केली, आणि हातातला ट्रे खण्णकन फरशीवर आदळला. चिमटा एकीकडे, कात्री दुसरीकडे, बोळे खोलीभर. बाकावरच्या दोन म्हाताऱ्या दचकून उभ्या राहिल्या. आणि तो... अंगठ्याला फडकं गुंडाळून उंबऱ्यात उभा असलेला तो माणूस, ओशाळं हसत म्हणाला,

"घाबरू नका सिस्टर. जिता आहो मी."

दीपाला घाबरायला कारण होतं. आर्णीच्या नाक्यावर, जिथून फुलसावंगीकडच्या गाड्या वळतात तिथं, सतरा दिवसांपूर्वी रस्ता सुरक्षेचा भलामोठा बोर्ड लागला होता. बोर्डावर डांबरी रस्ता. रस्त्यावर पांढरी चादर, चादरीवर रक्ताचे डाग, आणि चादरीतून बाहेर आलेला एका तरुण माणसाचा चेहरा... डोळे मिटलेले, कपाळापासून कानापर्यंत रक्ताचा ओघळ. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'याला फक्त पाच मिनिटं लवकर पोचायचं होतं.'

पहिल्या दिवशी तो बोर्ड पाहून दीपानं नजर वळवली होती. सरकारी दवाखान्यात नर्स असून! ड्यूटीवर यायची वाट नाक्यावरूनच होती, त्यामुळे तो चेहरा रोज भेटायचा. डाव्या भुवईवरचा तीळ तिला पाठ झाला होता. कुठल्या आईचा असेल, कोणत्या गावचा असेल, असं मनात यायचं. एकदा तर तिनं जाता जाता मनातल्या मनात त्याला 'येते हं' म्हटलं होतं.

आणि आता तोच तीळ तिच्यासमोर उभा होता. भुवईसकट.

"तुम्ही... तो बोर्ड..."

"मीच तो. राजदीप. बस स्टँडामागं माहं फ्लेक्सचं दुकान आहे. बोर्ड बी मीच बनवला, मेलो बी मीच." तो खाली बसून तिच्याबरोबर बोळे गोळा करू लागला. "वीस जनाले विचारलं सिस्टर. मरायले कोनीच तयार नाई. जेवाले बोलावलं असतं तर सारे आले असते."

दीपाला हसू आलं. ती ते ओठांत दाबत त्याच्या अंगठ्यावरचं फडकं सोडायला लागली. लोखंडी अँगलनं चांगलंच कापलं होतं. ती जखम धूत असताना तो दुसरीकडे बघत होता, अगदी खिडकीबाहेर, कडुलिंबाकडे.

"रक्त बघवत नाही तुम्हाला?" तिनं विचारलं. "आणि बोर्डावर तर बादलीभर ओतलंय."

"ते रक्त नाई. गुळाचा पाक आन लाल रंग. मुंग्या लागल्या न बाप्पा! एक तर कानात शिरली. तरी हाललो नाई. मेलेला मानूस कान खाजवत नाई ना."

आता मात्र दीपा हसलीच. बाकावरच्या म्हाताऱ्याही.

"चुकलंच मग तुमचं," ती म्हणाली. "खरं रक्त इतकं लाल राहत नाही. थोड्या वेळानं काळपट पडतं."

त्यानं खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदाच. "आतापर्यंत कोनाच्या ध्यानात नाई आलं हे," तो हळू आवाजात म्हणाला. मग एकदम, "तुमाले सिस्टर म्हनायचं जिवावर येऊन राह्यलं. नाव काय तुमचं?"

"दीपा. दीपा सिस्टर."

"घ्या! म्हंजे माह्या नावात तुमी अर्ध्या आधीच येऊन बसल्या."

दीपानं सुई जरा जोरातच टोचली.

"आई गं!"

"मेलेला माणूस ओरडत नाही," ती म्हणाली, आणि कानांपर्यंत लाल झालेला चेहरा लपवायला औषधांच्या कपाटाकडे वळली.

जखम चार दिवसांत भरली. राजदीप नऊ दिवस ड्रेसिंगला येत राहिला.

नवव्या दिवशी दीपानं त्याचा अंगठा उलटसुलट करून पाहिला. "इथं आता बांधण्यासारखं काही नाही."

"मंग दुसरीकडे कापून येऊ का?"

"नको. तसेच या." म्हणून गेली आणि जीभ चावली.

बाहेर चहाच्या टपरीवर दोघं उभी राहिली. कपाशी फुटली होती. वेचणीच्या बाया भरलेल्या टेम्पोत गाठोड्यांवर बसून गात चालल्या होत्या. राजदीप चालताना उजवा पाय किंचित ओढायचा, हे दीपानं पहिल्याच दिवशी हेरलं होतं. विचारलं नव्हतं. माणूस आपणहून सांगेपर्यंत थांबायची तिला दवाखान्यानं सवय लावली होती.

"रस्ता सुरक्षा समितीचे सायब खूश आहेत बोर्डावर," तो म्हणाला. "म्हनतात, लोक हादरले पायजेत. दुसरा बोर्ड सांगितला. त्यात लहान लेकरू झोपवा म्हनतात चादरीखाली."

दीपानं कप खाली ठेवला. "आणि तुम्ही करणार?"

"तुमाले नाई पटत काहून?"

"खरं सांगू?" ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात गाड्या हळू झाल्या. मी पाहत होते ना. दुसऱ्या आठवड्यात पोरं तुमच्यासमोर उभं राहून फोटो काढायला लागली. घाबरली कोण? आमच्या शेजारची वच्छलाबाई. ती तर जन्मात सायकलवर बसली नाही. जे आधीच हळू जातात तेच घाबरले. पळवणारे पळवतच आहेत. आणि माझे बाबा..."

ती थांबली.

"बाबा काय?"

"माझे बाबा तुमच्या समोरून जाताना हॉर्न वाजवतात. 'जय भीम भाऊ, झोप झाली का' म्हणतात तुम्हाला."

राजदीप खो खो हसला. मग दीपाचा चेहरा पाहून गप्प झाला.

दीपाचे बाबा, डोमाजी, आर्णी–फुलसावंगी रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. बावीस वर्षं. आर्णीतून एसटीच्या मागून सुटायचं आणि फुलसावंगीला एसटीच्या आधी पोचायचं, ही त्यांची शान. दिवसाला चार खेपा. दीपाची आई गेल्यानंतर घरात बापलेक दोघंच. एकमेकांना फार जपायची, पण जीपच्या वेगाचा विषय निघाला की डोमाजी बहिरे व्हायचे.

"ॲक्सिडेंटची केस येते असा फोन आला ना," दीपा कपाच्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "तर मी आधी गाडी कोणती ते विचारते. पेशंट कसा आहे हे नंतर. नर्सनं असं करू नये. पण... मी रोज करते."

राजदीप तसाच निघाला. चहाचे पैसे द्यायलाही विसरला. टपरीवाल्यानं मागून हाक मारली तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं.

त्या गुरुवारी अवकाळी आभाळ भरून आलं. दीपाची ड्यूटी संपली आणि थेंब पडायला लागले. बस स्टँडामागून घर लांब पडतं, तरी ती त्याच गल्लीनं निघाली. पाऊस नसता तरी निघाली असती, पण हे तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

दुकानाचं छत गळत होतं. राजदीप मशीनवर काहीतरी टाकायला शोधत होता, आणि हाताशी आली ती बोर्डाची जास्तीची प्रिंट. तिचं एक टोक त्यानं मशीनवर ओढलं, उरलेल्या भागाखाली तो उभा राहिला आणि दारात भिजत असलेल्या दीपाला म्हणाला,

"या ना आत. ह्या मेलेल्याचा येवढा तरी उपयोग होऊ द्या."

ती गेली. एक कोपरा त्यानं धरला, एक तिनं. डोक्यावर त्याचाच रक्ताळलेला चेहरा, त्यावर पावसाचे टपोरे थेंब ताशासारखे वाजत होते. लाईट गेली. शाईचा, ओल्या मातीचा वास. त्याच्या श्वासाची ऊब तिच्या खांद्यापाशी येत होती आणि ती सरळ समोर, रस्त्यावरच्या पाण्याकडे बघत होती. फारच सरळ.

"पायाबद्दल तुमी कदी विचारलं नाई," तो म्हणाला.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मग त्यानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका वाढदिवसाचे बॅनर घेऊन तो फुलसावंगीकडे निघाला होता. उशीर झाला होता, गाडी ऐंशीच्या पुढे. बंजारा तांड्याजवळच्या वळणावर रेती सांडलेली होती...

"पडलो ते आठवते. मंग कोनीतरी अंगावर चादर टाकली. तोंडावरून. मले सारं ऐकू येत होतं, दीपा. 'गेला बिचारा' म्हनत होते. 'कोनाचा आहे, खिसा पाहा' म्हनत होते. मी ओरडून राह्यलो, पण आतल्या आत. बोटबी हालत नव्हतं. चादरीतून उजेड येत होता... पांढरा. मले वाटलं, हे लोक आता मले असेच घेऊन जातीन."

त्याच्या तोंडून 'सिस्टर' गळून 'दीपा' आलं होतं, हे तिला कळलं. त्याला कळलं नव्हतं.

"मंग?"

"मंग मानीबाई आली. तांड्यावरची म्हातारी. जिची चादर होती तीच. तिनं पाह्यलं, तोंडापाशी चादर ओली झाली. श्वासानं. तिनं सर्रकन चादर ओढली आन ओरडली, 'जीव छ! जीव छ!' त्याईच्या बोलीत. जीव आहे म्हनून. बाजेवर घालून चार मानसं धावत सडकेपर्यंत आले." तो जरा थांबला. "मी तिले याडी म्हनतो. त्याईच्यात आईले याडी म्हनतात."

पाऊस वाढला होता. दीपानं वर पाहिलं, डोक्यावरच्या त्या मिटलेल्या डोळ्यांकडे.

"म्हणून तुम्ही स्वतः झोपलात."

"मले वाटलं, मी जे पाह्यलं ते लोकाईले दाखवाव."

"पण तुम्ही हे नाही पाहिलं, राजदीप," ती हलकेच म्हणाली. "हे तर बाहेरून दिसतं. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही. तुम्ही चादर आतून पाहिली. आणि त्या आजींनी..." तिला काहीतरी सुचलं होतं. "चादर त्यांचीच होती म्हणालात ना? दर वेळी त्याच देतात?"

राजदीपनं तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

"आपण जाऊ त्यांच्याकडे," दीपा म्हणाली. "रविवारी. माझ्या बाबांच्या गाडीतून."

राजदीपचा चेहरा उतरला. अपघातानंतर तो फक्त स्वतःच्या स्कूटरवर बसायचा, आणि ती स्कूटर तीसच्या वर कधीच जात नसे. पोरं त्याला चिडवत. दुसऱ्याच्या गाडीत बसायचं म्हटलं की त्याच्या तळव्यांना घाम फुटायचा. आणि डोमाजीची जीप...!

"तुम्ही नका येऊ हवं तर," दीपा म्हणाली.

"येतो," तो म्हणाला. "तुमी असान ना बाजूले?"

रविवारी डोमाजीनं त्याला ओळखलं आणि मांडीवर थाप मारली. "अरे, हा तर आपला नाक्यावरचा! जय भीम भाऊ. उठले का झोपेतून?"

"जय भीम काका," राजदीप कसनुसं हसला.

जीप सुटली. तुरीची पिवळी शेतं दोन्ही बाजूंनी धावायला लागली. पहिला ट्रॅक्टर मागं पडला, मग टेम्पो, मग वळणावरच एक मोटारसायकल. राजदीपनं पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"बाबा, हळू."

"बावीस वर्सं झाले पोरी. येक खरचटा नाई गाडीले."

दीपानं शेजारी पाहिलं. मग ओढणीच्या आडून तिनं आपला हात त्या दांड्यावर, त्याच्या हातावर ठेवला. बर्फासारखा हात. त्यानं बोटं सोडवली आणि तिची बोटं घट्ट धरली. नाडी मोजायची सवय असलेल्या दीपाला त्याची नाडी लागली, पण मोजता येईना... कारण मध्येच तिची स्वतःची लागत होती.

तांड्याच्या वळणावर जीप थांबली तेव्हा राजदीप उतरून बराच वेळ बाभळीला टेकून उभा राहिला. सडकेच्या अगदी कडेलाच मानीबाईचं घर. हातभर पांढऱ्या बांगड्या, अंगात आरशांची जुनी काचोळी, कमरेत वाकलेली. तिनं राजदीपचे दोन्ही गाल हातात धरले.

"आयो क बापू? आला का?" मग दीपाकडे पाहून डोळे बारीक केले. "आन ही?"

"दवाखान्यातली आहे, याडी."

"हां... दवाखान्यातली," म्हातारी मिश्कील हसली. डोमाजीलाही तिनं ओळखलं. बाजाराला ती त्यांच्याच जीपनं जायची. सगळ्यांना पाणी दिलं.

दीपानं चादरींचं विचारलं, तशी मानीबाई आत गेली आणि पत्र्याची पेटी ओढत ओसरीवर घेऊन आली. झाकण उघडलं. तळाला डांबराच्या दोन गोळ्या. बाकी काही नाही.

"पह्यली गेली ते सुनंच्या लग्नातली. गुलाबी फुलाची," म्हातारी बोटांवर मोजत सांगू लागली. "मंग नेमसिंगनं, माह्या पोरानं, ऊसतोडीहून आनलेली सोलापुरी. मंग माह्या मानसाची, तो गेल्यावर ठेवली होती मी... तेबी दिली. उघड्यावर कोनाचं लेकरू कसं ठेवाव? नऊ गेल्या. नवातून येक उठला." तिनं पुन्हा राजदीपच्या गालाला हात लावला. "हा."

मानीबाई डोमाजीकडे वळली.

"डोमाजी, येक सांगू? राग नको मानू."

"सांगा ना, मावशी."

"तुही गाडी मले आवाजानंच वळखू येते. दुरून. आवाज आला का मी हातातलं काम टाकतो, घरात येतो आन हे पेटी उघडून उभी राह्यतो."

"काहून?"

"तू वळनावरून पार होईस्तोवर. गाडी पुढं गेली का पेटी लावतो. रोज. तुह्या जितक्या खेपा तितक्या डाव." ती हे असं सांगत होती, जसं कुणी कोंबड्या झाकायचं सांगावं. "आता त चादरबी नाई. तरी आदत पडली. रिकामीच उघडून उभी राह्यतो."

डोमाजीनं डोक्यावरची टोपी काढली. पाण्याचा पेला तोंडाकडे नेला, तसाच खाली ठेवला. पेटीकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं, आणि दीपाला वाटलं, बाबा इतके म्हातारे कधी झाले?

"माह्यासाठी?" ते एवढंच म्हणाले.

"तुह्यासाठी. तुह्या गाडीतल्या लोकाईसाठी."

परत येताना जीप चाळीसच्या वर गेली नाही. एक ट्रॅक्टर तेवढा मागं टाकला, तोही सरळ रस्ता पाहून. वाटेत गाडीत चढलेल्या एका व्यापाऱ्यानं विचारलं, "गाडी बिघडली का हो?"

"गाडी चांगली आहे," डोमाजी म्हणाले. आर्णी जवळ आली तेव्हा दीपानं मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. त्यांनी गालानं तो हात क्षणभर दाबला. गाल ओला होता.

समितीच्या साहेबांनी नवा बोर्ड पाहून विचारलं, "यात रक्त कुठे आहे?"

बोर्डावर मानीबाई होती. ओसरीवर उभी, समोर उघडी पेटी, सरळ वाटसरूच्या डोळ्यांत पाहणारी. खाली तिचे शब्द, राजदीपनं तिच्या बोलण्याला साजेशा साध्या वळणात लिहिलेले : 'नऊ चादरी दिल्या. आता पेटी रिकामी आहे. हळू जा बापू.'

"येक महिना उभा राहू द्या सायब," राजदीप म्हणाला. "नाई पटला तर मी पुन्हा मरतो."

साहेब हसले. बोर्ड तांड्याच्या वळणाआधी लागला. नाक्यावरचा मेलेला माणूस त्याच दिवशी उतरवला, आणि राजदीपची आई, कौसल्याबाई, महिन्याभरानंतर पहिल्यांदा नाक्यावरून डोक्यावरचा पदर चेहऱ्यावर न ओढता बाजाराला गेली. मुलासाठी तिनं जिलेबी आणली. बोर्ड लागल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती, त्या दिवशी रात्री जेवेपर्यंत बोलत होती.

रस्त्यावरचे सगळेच काही शहाणे झाले नाहीत. कोणी बोर्डाकडे पाहिलंही नाही. पण एसटीचे ड्रायव्हर तिथं गिअर बदलायला लागले. फुलसावंगीची कॉलेजची पोरं वळणावर उगाच गप्प व्हायला लागली. डोमाजीनं चारातली एक खेप बंद केली, आणि विचारलं तर म्हणायचे, "वय झालं बावा." आणि आणखी एक झालं, जे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं.

जानेवारीत मानीबाईचा निरोप आला : ताबडतोब या, नाही तर बोर्ड उपटून टाकते.

राजदीप आणि दीपा स्कूटरवर गेले. ओसरीवर चादरींचा ढीग. सोलापुरी, फुलाफुलांच्या, कोऱ्या घडीच्या. कुणी गाडी थांबवून दिलेल्या, कुणी दारात ठेवलेल्या. आर्णीच्या वच्छलाबाईनंसुद्धा पाठवली होती.

"बत्तीस झाल्या!" म्हातारी कमरेवर हात ठेवून ओरडली. "म्या चादर मांगली का? म्या म्हनलं हळू जा! हे लोक वाचत नाई का काही?"

दीपा हसता हसता ओसरीवर बसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. मग तिघांनी मिळून तांड्यावर घरोघरी चादरी वाटल्या. थंडी कडाक्याची होती. लेकरांनी त्या तिथल्या तिथं अंगावर घेतल्या आणि चादरींचे पाय फुटलेले ढीग तांडाभर पळत सुटले.

परत निघाले तेव्हा उन्हं कलली होती. स्कूटर तीसनं चाललेली. मोटारसायकली पुढं जात होत्या, टेम्पो पुढं जात होते. एका सायकलवाल्यानंही उतारावर त्यांना मागं टाकलं आणि वळून हसला.

"मांगं ऐकू येते का?" राजदीपनं विचारलं.

"या स्पीडला सगळं ऐकू येतं."

"आई विचारत होती..."

"काय?"

"तुमच्याबद्दल."

"आई विचारत होती," दीपा म्हणाली, "की तुम्ही?"

स्कूटर थांबली. त्यानं ती स्टँडवर लावायला दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा लागली. मग तो तिच्यासमोर उभा राहिला. सडकेच्या कडेला, तुरीच्या शेताच्या बांधावर, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

"मी," तो म्हणाला. "मीच विचारून राह्यलो. मले बोलता नाई येत दीपा. मी अक्षरं मोठाली काढू शकतो फक्त. पन जीव वाचल्यापासून दोन वर्सं मले रोज सकाळी वाटे, त्या वळनावरचे बाकीचे उठले नाई, आन मीच काहून उठलो? लय जड वाटे ते. आता... आता सकाळी उठलो का पह्यले तुमी आठवता. मंग ते जड नाई वाटत. कोनाचे तरी आभार मानाव वाटते फक्त."

दूर वेचणी संपवून चाललेल्या बायांचा आवाज येत होता.

"आमच्याकडे आणतात ना माणसं," ती शेवटी म्हणाली, "त्यातली काही... मी नाव विचारेपर्यंतसुद्धा थांबत नाहीत. तुमचंही मला तसंच वाटलं होतं. सतरा दिवस मी तुमच्यासाठी हळहळले, राजदीप. ओळख ना पाळख. आणि ज्याच्यासाठी हळहळले तो चालत माझ्या दारात आला." तिनं तांड्याच्या दिशेनं पाहिलं. "त्या म्हातारीच्या ध्यानात चादरीचा ओलेपणा आला नसता तर... मी कुणाशी बोलत असते आत्ता? आभार मलाही मानायचेत. तिचे. बाजेला खांदा देणाऱ्या त्या चौघांचे, ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत."

"म्हंजे...?"

"म्हणजे हो."

"हो म्हंजे हो?"

"आता बोर्ड लावू का?" ती ओल्या डोळ्यांनी हसली. "आणि 'तुमी तुमी' काय लावलंय? तू म्हण."

"तू," तो म्हणाला. चव घेतल्यासारखा. मग त्यानं तिचा हात हातात घेतला. त्याचा हात आज ऊबदार होता, आणि ती बराच वेळ तो तसाच राहू देऊन उभी राहिली.

दीपाचा फोन वाजला. बाबा होते.

"कुठी आहे पोरी?"

"रस्त्यात आहोत बाबा. राजदीपबरोबर." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "थोडा उशीर होईल. आणि... तुम्हाला काही सांगायचंय."

मग डोमाजीचा आवाज आला, नेहमीपेक्षा मऊ.

"मले समजते ते. येऊन सांगा दोघं. दूध आनून ठेवलं मी, चहा मांडतो." आणि फोन ठेवता ठेवता, बावीस वर्षं या रस्त्यावर कुणालाही पुढं न जाऊ देणारा तो माणूस म्हणाला, "घाई नका करू. मी आहो इथंच."